सर्द की फ़र्द?

खोडाळ्यात आज जवळपास प्रत्येक घरातल्या मोबाईलमध्ये व्हिडिओ आहेत. लग्नाचे, तारप्याच्या नाचाचे, आजीच्या, नानीच्या गोष्टींचे. अशा व्हिडिओतला नुसता आवाज काढून तो जुन्या संगणकाच्या फाईलमध्ये भरता येतो. काम दोन मिनिटांचे आहे. पण त्यात काय गळते हे समजायला थोडे मागे जावे लागते.

सुरुवात टेलिफोनपासून झाली. बोलणे कळले म्हणजे पुरे, या हिशेबाने तारेतून आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाई. तो आकड्यांत मांडताना सेकंदाला ८००० नोंदी आणि प्रत्येक नोंद ८ बिटांची, असे माप ठरले. १९७२ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. अमेरिका-जपानने त्यातला 'म्यू-लॉ' हा प्रकार घेतला, युरोपने आणि आपण 'ए-लॉ'.

सन कंपनीच्या १९८९च्या स्पार्कस्टेशन संगणकात टेलिफोनचेच हे माप आले. त्याच्या 'एयू' फाईलला मिनिटाला फक्त ४,८०,००० बाइट लागत. डिस्क लहान आणि महाग होत्या, म्हणून ही काटकसर शहाणपणाची होती. ॲपलची 'एआयएफएफ' (१९८८) आणि मायक्रोसॉफ्ट-आयबीएमची 'वेव्ह' (१९९१) यांत मात्र आवाज दाबून न टाकता पूर्ण ठेवता येई.

आजची 'एमपीफोर' फाईल म्हणजे पाकीट. आत चित्र वेगळे, आवाज वेगळा, आणि आवाज बहुतेक वेळा 'एएसी' पद्धतीने दाबलेला. एफएफएमपेग हा २००० साली सुरू झालेला मोफत प्रोग्राम पाकीट फोडतो, आवाज उलगडतो आणि नव्या मापाने पुन्हा भरतो. इनपेजमधला उर्दू मजकूर युनिकोडमध्ये आणताना आपण जे करतो, तसेच हे. फरक एवढाच की तिथे चुकलेले अक्षर मूळ पाहून दुरुस्त करता येते. इथे गळलेला आवाज नव्या फाईलमधून परत मिळत नाही.

गळते काय? सेकंदाला ८००० नोंदी घेतल्या तर ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच टिकत नाही. 'स'चा सगळा जोर मुख्यतः त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर 'स' आणि 'फ़' यांत घोटाळा होतो. उर्दूत सर्द म्हणजे थंड, फ़र्द म्हणजे व्यक्ती. ओळखीच्या वाक्यात संदर्भ आपल्याला सांभाळून घेतो. पण वारली, कोकणा, कातकरी बोलीतला किंवा कोकणी मुसलमानांच्या घरातला एखादा जुना शब्द, जो आता दोन-चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे, त्याला कुठला संदर्भ सांभाळणार? बोलणारे माणूस गेल्यावर तलफ्फुज विचारायचा कोणाला?

महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१०मध्ये. तरी २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या बायांच्याच आवाजात ऐकू येतात. नुसते कागद उरले असते, तर शब्द वाचता आले असते, चाल आणि उच्चार नाही.

म्हणून मूळ व्हिडिओ पुसू नका. जुन्या यंत्रासाठी किंवा फोनवरच्या ध्वनिसेवेसाठी 'एयू' हवी असेल तर ती नक्कल म्हणून जरूर करा. जपायची प्रत 'वेव्ह'मध्ये काढा, पण दाबलेला आवाज 'वेव्ह'मध्ये घातल्याने सुधारत नाही, फाईल फक्त मोठी होते, हेही ध्यानात असू द्या. नवे रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नोंदींची निवड करा. आणि प्रत्येक फाईलच्या नावात कोण बोलले, कुठल्या गावचे, कोणत्या साली, हे लिहून ठेवा.