फिट येते हे माहीत असताना गाडी चालवली तर?

14 मार्च 1955. अमेरिकेतील बफेलो शहरात एक मोटार भरधाव फुटपाथवर चढली आणि शाळकरी मुलींच्या घोळक्यात घुसली. चार मुली दगावल्या. चालकाला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, जुनाच होता.

शुद्ध हरपलेल्या माणसाला गुन्हेगार कसे ठरवायचे? 1956 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने उत्तर दिले. फिट येणे हा गुन्हा नाही. पण ती कधीही येऊ शकते हे ठाऊक असून एकट्याने गाडी काढणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे, म्हणून खटला चालू शकतो.

मला मात्र पुढचा भाग जास्त अस्वस्थ करतो. आजाराचा इतिहास त्याने इस्पितळात डॉक्टरांनाच सांगितला होता. रुग्णाची गोपनीयता म्हणून ती साक्ष अग्राह्य ठरली आणि खटला नव्याने चालवण्याचा आदेश कायम राहिला.

आपल्याकडे लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट, अचानक शुद्ध हरपणे, चक्कर यांबद्दल थेट प्रश्न असतो. खाली सही आपली. बरेच जण न वाचताच ‘नाही’ लिहितात आणि दवाखान्यात मला विचारतात, “डॉक्टर, बाईक चालवली तर चालेल ना?” मी आधी शेवटची फिट कधी आली ते विचारतो.