माजघरातील उजेड : घरांच्या अंतर्भागाचे छायाचित्रण आणि इतिहासाची साधने

एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारताची वास्तुविषयक छायाचित्रे चाळू लागले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. देवळे, मशिदी, लेणी, किल्ले व राजवाडे यांचे दर्शन त्यांत विपुल आहे. सामान्य गृहस्थाच्या घराचे माजघर मात्र क्वचितच आढळते. ही उणीव केवळ छायाचित्रकारांच्या अनास्थेवर ढकलून दिली, तर तिचा अर्धा अर्थ निसटतो. कोणते भिंग लावावे व कोणत्या उजेडात चित्र घ्यावे, हा प्रश्न वरकरणी कारागिरीचा दिसतो. परंतु घराच्या अंतर्भागाच्या बाबतीत तो पुराव्याचा प्रश्न आहे. सोलापूर व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून त्याचा विचार करणे सोयीचे आहे; कारण तेथील जुने घर उजेडाच्या बाबतीत अत्यंत हिशेबी आहे.

हा प्रदेश अल्प पावसाचा व कडक उन्हाचा. जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर मातीचा थर दिलेले सपाट छप्पर, म्हणजे माळवद, हे येथील पारंपरिक घराचे स्वरूप होय. बाहेरच्या भिंतींस खिडक्या थोड्या. उजेड येतो तो दारातून, चौकातून आणि माळवदास ठेवलेल्या साण्यातून. ढेलज, ओसरी, माजघर, देवघर ही नावे जशी जागांची, तशीच ती उतरत्या उजेडाच्या पायऱ्यांचीही आहेत. 'माजघर' या शब्दातील 'माज' हा संस्कृत 'मध्य', प्राकृत 'मज्झ' यांचा वंशज. घराच्या मध्यावर असणे म्हणजेच उन्हापासून, वाऱ्यापासून व परक्याच्या दृष्टीपासून दूर असणे. छिद्रातून उतरणाऱ्या उजेडास 'कवडसा' आणि तिरप्या किरणास 'तिरीप' असे स्वतंत्र शब्द भाषेने राखून ठेवले आहेत. बारीक छिद्रातून जमिनीवर पडलेला कवडसा वाटोळा दिसतो, तो छिद्र वाटोळे असते म्हणून नव्हे. ती सूर्याचीच प्रतिमा असते. ज्या तत्त्वावर कॅमेरा उभा आहे, ते तत्त्व माळवदाच्या घरात कॅमेऱ्याच्या आगमनापूर्वीपासून रोज प्रत्ययास येत होते.

विणकराच्या घरातही हाच हिशेब दिसतो. खड्डामागावर बसणाऱ्यास धागा दिसण्यापुरता उजेड हवा. पण ऊन व कोरडा वारा नको, कारण कोरडा धागा तुटतो. अंधुकपणा हा तेथे दारिद्र्याचा अथवा अज्ञानाचा परिणाम नसून व्यवसायाची गरज असते.

अशा घरात आरंभीच्या छायाचित्रकाराने काय करावे? डागेरचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील बिग्ज या अधिकाऱ्याची वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमणूक केली. त्याने घेतलेली विजापूरची चित्रे पुढे १८६६ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर मुंबईहून सोलापूरपर्यंत सलग रेल्वे झाली. म्हणजे वाट मोकळी होती. अडचण होती ती उंबरठ्याच्या आत.

आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या रीतीत काच ओली असेपर्यंतच तिच्यावर प्रतिमा घेऊन ती धुवावी लागे. काच वाळली की तिची प्रकाशग्राहकता ओसरे. अंधुक खोलीत काच दीर्घकाळ उघडी ठेवणे भाग, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती लवकर वाळणार, असा हा पेच होता. भिंगांनीही त्यातून वाट काढून दिली नाही. पेट्झव्हालचे १८४० चे भिंग भरपूर प्रकाश घेई, पण त्याचे दृष्टिक्षेत्र अरुंद. ते चेहऱ्यासाठी योग्य, खोलीसाठी नव्हे. डालमायरचे १८६६ चे रुंद कोनाचे भिंग सरळ रेषा सरळ ठेवून अधिक क्षेत्र व्यापी. परंतु स्पष्टतेसाठी त्याचे छिद्र बारीक करावे लागे. सारांश, ज्या भिंगात खोली मावे त्यास उजेड हवा, आणि माजघरात नेमका तोच नव्हता.

कृत्रिम प्रकाशाने हा पेच हळूहळू सुटला. पियाझी स्मिथ याने १८६५ मध्ये मॅग्नेशियमची तार जाळून गिझाच्या महान पिरॅमिडचा अंतर्भाग टिपला. मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. ती रूढ झाल्यावर वेळेचे बंधन सैल झाले. १८८७ मध्ये मीटे व गेडिके यांची लखलखाटी पूड आली. परंतु तांत्रिक अडथळा दूर झाला, तरी सामाजिक अडथळा राहिला. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी फलकनुमा महालाची दालने टिपली; तरी त्याच शहरात स्त्रियांच्या छायाचित्रांसाठी त्यांना १८९२ मध्ये स्वतंत्र जनाना स्टुडिओ उघडावा लागला. दिवाणखाना दाखविण्यासाठीच असतो, माजघर तसे नसते. संग्रहांतील मौनास अशी दोन कारणे आहेत, आणि अभ्यासकाने ती एकमेकांत मिसळू नयेत.

विसाव्या शतकात भिंगे रुंद झाली व प्रकाश हाताशी आला. तेव्हा प्रश्न संपला नाही, उलटला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीवर ५० मिलिमीटरचे भिंग दहा फुटांवरून सुमारे सात फूट रुंदीची भिंत दाखविते. २४ मिलिमीटरचे भिंग पंधरा फूट दाखविते. लहान खोलीत दुसऱ्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या चौकटीच्या कडेला उभा असलेला वाटोळा रांजण सुमारे सव्वापट रुंद उमटतो. १७ मिलिमीटरच्या भिंगाने तर जवळजवळ दीडपट. जवळचा खण मोठा व दूरचा आखूड दिसतो, हा मात्र भिंगाचा दोष नव्हे. तो जवळ उभे राहण्याचा परिणाम आहे, आणि रुंद भिंग तशी मुभा देते एवढेच. जे घर खणांनी मोजले जाते, त्याच्या चित्रात खणच असमान दिसावेत, ही गोष्ट संशोधकास क्षुल्लक वाटता कामा नये.

प्रकाशाचेही तसेच. कॅमेऱ्यावरील झोताचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पाच फुटांवर जेवढा पडतो, त्याच्या चौथाई दहा फुटांवर. त्यामुळे पुढची घागर पांढरीफटक आणि मागील देवळी काळी होते. त्याहून मोठी हानी ही की, साण्यातून येणारा उजेड कोणत्या जागी, कोणत्या कामासाठी पडत होता, ही माहितीच पुसली जाते. आजच्या अंकीय पद्धतीत अनेक चित्रे एकत्र करून दार व माजघर सारखेच उजळ दाखविता येतात. असे चित्र देखणे असते. पण त्या घरात कोणासही तसे कधी दिसले नव्हते.

म्हणून नोंदीसाठी घ्यावयाच्या चित्रांस काही नियम पाळणे इष्ट ठरते. तिपाईवर कॅमेरा समपातळीत ठेवून घरच्याच उजेडात दीर्घ वेळाचे एक चित्र घ्यावे. बारकाव्यांसाठी पांढऱ्या कापडावरून परावर्तित केलेल्या प्रकाशात दुसरे घ्यावे. भिंग, उभे राहण्याची जागा, वेळ व ऋतू यांची नोंद करावी. खणांची मापे फितीने घेऊन लिहावीत. याबरोबरच घरातील वृद्धांकडून प्रत्येक जागेचे नाव विचारून घ्यावे. चित्र आकार दाखविते, पण आकाराचे प्रयोजन बहुधा शब्दच सांगतो. आणि जेथे दोहोंत विसंगती दिसेल, तेथेच पुढील संशोधनाची जागा असते.

माळवदांच्या जागी सिमेंटचे छत येते, तेव्हा साणे नाहीसे होते आणि त्यामागोमाग तो शब्दही बोलण्यातून जातो. एकदा दोन्ही गेले की मागे राहिलेले छायाचित्र हाच एकमेव साक्षीदार उरेल. तो कोणत्या भिंगातून व कोणत्या उजेडात पाहत होता याची नोंद नसेल, तर त्याची उलटतपासणी करण्याचे साधन पुढील अभ्यासकाच्या हाती राहणार नाही.