पोर्ट टाउनसेंडमधील ऐतिहासिक व्यापारी इमारती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन राज्याच्या पोर्ट टाउनसेंड या लहान बंदरातील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा वास्तुसमूह. हे शहर (लोकसंख्या १०,१४८–२०२०) प्यूजेट साउंड या समुद्रभागाच्या मुखाशी असून त्याची स्थापना १८५१ मध्ये झाली. जकातीचे ठाणे येथे असल्याने गलबतांना या बंदरात थांबावे लागे व त्यावर येथील व्यापार वाढला. किनाऱ्यालगतच्या सखल पट्टीत वॉटर स्ट्रीट ही पेठ, तर मागील कड्यावर निवासी वस्ती, अशी शहराची विभागणी झाली.

देशव्यापी लोहमार्ग येथवर येणार या अपेक्षेने १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जमिनींचे भाव भडकले आणि विटा व दगड यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. हेस्टिंग्ज बिल्डिंग (१८८९) ही त्यांपैकी प्रमुख होय. तिचा वास्तुविशारद एल्मर फिशर याने त्याच वर्षीच्या भीषण आगीनंतर सिॲटलमध्येही अनेक इमारती उभारल्या. तळमजल्यावर दुकाने, वर कचेऱ्या व सभागृहे, दर्शनी भागी उंच खिडक्या व माथ्यावर नक्षीदार कंगणी, अशी या काळातील व्यापारी इमारतींची सर्वसाधारण रचना होती.

तथापि लोहमार्गाचे काम हाती घेतलेली कंपनी १८९० मध्ये दिवाळखोरीत गेली व मार्ग अपुरा राहिला. १८९३ च्या आर्थिक अरिष्टाने उरलीसुरली आशा संपविली. लोक निघून गेले आणि वरचे मजले ओस पडले. व्यापार सिॲटल व टकोमा या रेल्वेने जोडलेल्या शहरांकडे गेला. इमारती पाडून नव्या बांधण्याइतके भांडवल पोर्ट टाउनसेंडमध्ये उरले नाही. शहराची ही विपन्नावस्थाच जुन्या पेठेच्या रक्षणास कारणीभूत ठरली. भरभराटीच्या शहरांत अशा इमारती बहुधा नव्या बांधकामास वाट करून देतात.

या वास्तूंचे मोल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओळखले गेले. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन अधिनियमाने अशा कार्यास कायद्याचे पाठबळ दिले व १९७७ मध्ये या परिसरास राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली. इमारतींत पुन्हा दुकाने, उपाहारगृहे व कलादालने सुरू झाली. मात्र हा प्रदेश भूकंपप्रवण असल्याने विटांच्या जुन्या भिंतींचे मजबुतीकरण आणि सखल किनाऱ्यावरील पेठेचे समुद्राच्या पाण्यापासून संरक्षण हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पूर्वी दारिद्र्यामुळे टिकलेल्या या इमारती पुढे टिकविण्यासाठी मात्र सततचा खर्च अपरिहार्य आहे.