‘स्टील’नं दिलेला शब्द

हार्डवेअरच्या दुकानात आद्याक्षरांच्या तीन जोड्या दिवसभर कानावर पडतात: एसएस, एमएस आणि सीपी. एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, एमएस म्हणजे माइल्ड स्टील, अर्थात साधं पोलाद, आणि सीपी म्हणजे क्रोम प्लेटेड. दुकानदाराचा आणि प्लंबरचा यात कधी घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो गिऱ्हाइकाचा, कारण त्याच्या मराठीत ‘स्टील’ या शब्दाला एकच अर्थ आहे.

साध्या पोलादाला आपण बोलताना स्टील म्हणतच नाही. स्लॅबमधली सळई पोलादाची, पण आपल्या तोंडी ती लोखंडी सळई. कपाट पोलादी पत्र्याचं, तरी ते लोखंडी कपाट. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असा नेमका शब्द होता. संस्कृत रसग्रंथांत लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार येतात, त्यातल्या ‘तीक्ष्ण’चं हे मराठी रूप. म्हणजे तिखे आणि तिखट ही एकाच घरची भावंडं. फारसीतून आलेल्या ‘पोलाद’नं तिख्याला मागे सारलं, आणि पुढे पोलादही कारखान्यांच्या पाट्यांवर आणि सरदार पटेलांच्या बिरुदात जाऊन बसलं. ‘स्टील’ आपल्या घरात शिरलं ते स्वयंपाकघराच्या दारानं: ताट, वाटी, डबा, पातेलं. तिथलं स्टील स्टेनलेसच असायचं, म्हणून ‘स्टेनलेस’ हे विशेषण बोलता बोलता गळालं आणि त्याचा गुण मात्र ‘स्टील’ला चिकटून राहिला. मराठी माणूस ‘स्टील’ म्हणतो तेव्हा ‘न गंजणारं’ हे त्यात गृहीत असतं. मूळ इंग्रजी शब्दानं असा शब्द कुणाला दिलेला नाही.

गळालेलं ते विशेषणही जन्मलं सुरीच्या पात्यावरच. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या एका नमुन्यावर आम्लाचा परिणाम होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते त्याला ‘रस्टलेस’, म्हणजे न गंजणारं पोलाद म्हणत. पण शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव. तिथल्या सुऱ्यांच्या एका कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी हे पोलाद व्हिनेगर लावून तपासलं, डाग पडला नाही, आणि ‘स्टेनलेस’ हे नाव त्यांनी सुचवलं.

आंबटानं धातूचं काय होतं हे मराठी घरांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं. हे ‘कळकणं’ ‘कलंक’पासून आलं, आणि संस्कृतात कलंक म्हणजे जसा डाग, तसाच लोखंडावरचा गंजही. रस्टलेस आणि स्टेनलेस हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आधीच नांदत होते. ‘निष्कलंक पोलाद’ हा प्रतिशब्द आपण केला असता तर तो अगदी चपखल बसला असता.

आता क्रोम. १७९७ साली फ्रेंच रसायनज्ञ वोकलँ यांना सैबेरियातल्या तांबड्या-केशरी खनिजात हा धातू सापडला. त्याची संयुगं नाना रंगांची, म्हणून ग्रीक ‘ख्रोमा’, म्हणजे रंग, यावरून त्याला नाव मिळालं. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग याच क्रोमियमचा. आज क्रोम म्हटलं की मात्र आरशासारखी बिनरंगी चकाकी डोळ्यांपुढे येते. स्टेनलेसमध्ये हेच क्रोमियम वितळून अंगात मुरलेलं असतं. त्यावर ओरखडा उठला तरी क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वरचा संरक्षक पापुद्रा पुन्हा धरतो. सीपीमध्ये ते नुसतं वर चढवलेलं असतं. शोभेच्या कामात हा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्याच्याखाली निकेलचा थर असतो. टॉवेलच्या दांडीवर जिथे या थरांना बारीक छिद्र पडतं तिथून पाणी आत जातं, आधी टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतात, मग आतला गंज फुगतो आणि चकाकीचे पोपडे सुटतात.

चढवलेल्या थराला मराठीत दोन शब्द आहेत आणि दोन्ही अरबीतून आलेले. ‘मुलामा’चं मूळ चकाकण्याच्या अर्थाच्या धातूत आहे. ‘कल्हई’चं मूळ ‘कलई’, म्हणजे कथील. मुलाम्याला आपल्या भाषेत लबाडीचा वास लागला, कल्हईला नाही. कल्हई आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, ती उडाली की कल्हईवाल्याला हाक मारायची हेही ठरलेलं असतं. क्रोमच्या बाबतीत हाच भेद धरावा असं मला वाटतं. पितळी नळावरचं क्रोम ही कल्हई आहे: खाली लोखंडच नाही, त्यामुळे तांबडा गंज नाही, आणि वरचा थर कणखर. असा नळ बेलाशक घ्यावा. न्हाणीघरातल्या साध्या पोलादी नळीवर चढवलेलं आणि ‘स्टील’ म्हणून विकलेलं क्रोम मात्र मुलामाच.

म्हणून दुकानात ‘स्टीलचं आहे ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येईल आणि ते खोटंही नसेल. ‘एसएस की सीपी?’ असं विचारा. सीपी असेल तर खाली पितळ आहे की लोखंड, हे विचारा. एसएस असेल तर ग्रेड विचारून घ्या. लोहचुंबकावर विसंबू नका, कारण स्टेनलेसचेही काही प्रकार चुंबकाला चिकटतात. घरात ३०४ पुरतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात ३०४ वरही तपकिरी डाग धरतात, तिथे मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ घ्यावं.