कच्च्या खाण्याचं पक्कं पुस्तक

२२ ऑगस्ट १८९३ रोजी प्रिटोरियात एका तेवीस वर्षांच्या वकिलाने नाश्त्याला जे खाल्लं, ते वहीत टिपून ठेवलं. दोन टेबलस्पून गहू, एक टेबलस्पून वाटाणे, एक टेबलस्पून तांदूळ, दोन टेबलस्पून बेदाणे, दोन संत्री वगैरे. धान्य न शिजवलेलं. वकिलाचं नाव मोहनदास गांधी.

ही कल्पना त्यांनी लंडनहून आणली होती. तिथल्या शाकाहारी मंडळींचे अध्यक्ष ए. एफ. हिल्स 'व्हायटल फूड'चा, म्हणजे चूल न पाहिलेल्या 'जिवंत' अन्नाचा प्रचार करत. (फुटबॉलवाल्यांसाठी: हे हिल्स जहाजबांधणी कारखान्याचे मालक, आणि त्यांच्या कामगारांचा संघच पुढे वेस्ट हॅम युनायटेड झाला.) गांधींचा प्रयोग दोन आठवडेही टिकला नाही. भूक भागेना, अंगात त्राण राहीना. हे सगळं त्यांनी १८९४ साली 'द व्हेजिटेरियन'मध्ये छापलं, फसल्याच्या कबुलीसकट.

या वहीकडे मी वळलो ते आत्यामुळे. आत्याला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. मध्यंतरी तिचा मेसेज आला, ''रॉ फूडच्या रेसिपींचं एखादं चांगलं पुस्तक सुचव. तू वाचत असतोस ना सारखा!'' प्रश्न साधा होता. पण ही पुस्तकं आली कुठून हे बघायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की सव्वाशे वर्षं त्यांच्यात एक रस्सीखेच चालू आहे. पुस्तकाचं एक टोक स्वयंपाकघरात असतं, दुसरं दवाखान्यात. पुस्तक निवडायचं म्हणजे ते कुठल्या टोकाला ओढलं जातंय हे ओळखायचं.

सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये निघालं. यूजीन ख्रिश्चन आणि मॉली ग्रिसवोल्ड ख्रिश्चन या नवराबायकोचं 'अनकुक्ड फूड्स अँड हाउ टू यूज देम'. त्यात पाककृती आणि मेनू आहेत, पण अन्नातून सर्वोच्च प्रतीची शक्ती कशी मिळवावी, हा दावा थेट उपशीर्षकातच आहे. म्हणजे रस्सीखेच मुखपृष्ठापासूनच सुरू.

त्याच सुमारास झुरिकमध्ये डॉ. माक्स बिर्खर-बेनर आपल्या रुग्णांना एक पदार्थ देत होते. दोन-तीन लहान सफरचंदं सालीसकट किसायची. एक टेबलस्पून ओट्स तीन टेबलस्पून पाण्यात बारा तास भिजवायचे. त्यात एक टेबलस्पून कंडेन्स्ड मिल्क, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक टेबलस्पून कुटलेले बदाम किंवा अक्रोड. हे मूळचं म्यूस्ली. आज सुपरमार्केटच्या फळीवर म्यूस्ली म्हणून जे मिळतं त्यात ओट्सचा डोंगर आणि फळांचे चार तुकडे असतात. डॉक्टरांच्या वाटीत मुख्य होतं ते सफरचंद. अन्नात साठलेल्या सूर्यप्रकाशाबद्दलचे त्यांचे सिद्धांत आज कोणाला आठवत नाहीत. वाटी मात्र जगभर पोचली, कारण माप, वेळ आणि क्रम स्पष्ट होता. आणखी एक तपशील बघा. डॉक्टर कच्च्याचे कट्टर पुरस्कर्ते, तरी दूध डब्यातलं. कच्च्या दुधातून क्षय पसरण्याचा तो काळ होता. चांगल्या पाककृतीत हे भान असतं.

गांधींनी १९२९ साली पुन्हा प्रयोग केला, या वेळी आश्रमातल्या सहकाऱ्यांसह. 'यंग इंडिया'त त्यांनी रोजचं माप दिलं. मोड आलेले गहू आठ तोळे, बदामाचा लगदा आठ तोळे, कुटलेला पाला आठ तोळे, सहा लिंबं, दोन औंस मध. आठ तोळे म्हणजे साधारण ९३ ग्रॅम. कुणाला काय त्रास झाला, कोणाचं वजन किती उतरलं, हेही छापलं. शेवटी आमांशाने गाठलं आणि स्वारी बकरीच्या दुधावर परतली. पुढे १९४६ साली त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, म्हणजे विषय त्यांनी सोडला नव्हता. पण फसलेल्या प्रयोगाचा हिशेब वाचकापुढे मांडणं ही गोष्ट या विषयावरच्या पुस्तकांत फार दुर्मीळ आहे.

पुढची पुस्तकं दवाखान्याकडे झुकली. १९४६ साली एडवर्ड हॉवेल या अमेरिकन डॉक्टरने अन्नातल्या एन्झाइम्सवर पुस्तक लिहिलं. शिजवल्यावर एन्झाइम्स मरतात, म्हणून शरीरावर ताण येतो, असा त्याचा मुद्दा. ४८ अंशांपुढे अन्न तापवू नका, हा आजच्या बऱ्याच पुस्तकांतला नियम याच विचाराच्या आधाराने उभा आहे. यातला पहिला भाग खरा आहे, उष्णतेने एन्झाइम्स मोडतात. पण कच्च्या अन्नातली एन्झाइम्सही आपल्या जठरातल्या आम्लात बहुतेक मोडतातच. पचनासाठी लागणारी एन्झाइम्स शरीर स्वतः बनवतं.

मग बॉस्टनच्या ॲन विगमोर आल्या. गव्हांकुराचा रस आज आपल्याकडे बागेबाहेर सकाळी ग्लासात मिळतो, तो लोकप्रिय करण्यात या बाईंचा मोठा वाटा. त्यांच्या पद्धतीने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते किंवा संपते, असा दावा त्यांनी केला. १९८२ साली मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरलने त्यांच्यावर खटला भरला आणि त्यांना तो दावा मागे घ्यावा लागला. नंतर एड्सबद्दलच्या दाव्यावरून पुन्हा कोर्ट.

हे वाचलं आणि मी आत्याला फोन लावला. ''पुस्तक सांगतो, पण आधी एक सांग. इन्सुलिन बंद करायचा विचार आहे का?'' पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ''अरे, त्या व्हिडिओत तो म्हणाला, एकवीस दिवसांत...'' आम्ही तासभर बोललो. कोशिंबिरी वाढव, फळांचं डॉक्टरांना विचार, सुईला हात लावू नकोस, एवढं तिने मान्य केलं. म्हणून माझी पहिली कसोटी हीच. ज्या पुस्तकात औषध बंद करण्याची भाषा आहे, ते कितीही देखणं असो, खाली ठेवा.

देखण्या पुस्तकांचा काळ नंतर आला. २००३ साली शिकागोचे नामांकित शेफ चार्ली ट्रॉटर आणि रॉक्सान क्लाइन यांचं 'रॉ' निघालं. त्यात कच्चं अन्न थेट पंचतारांकित ताटात गेलं. रोगमुक्तीऐवजी चवीला मान मिळाला, हे चांगलंच झालं. पण अशा पुस्तकांत डिहायड्रेटर, दणकट मिक्सर आणि अर्ध्या दिवसाची सवड गृहीत धरलेली असते. दुसरी कसोटी त्यामुळे अशी: कुठल्याही पाच पाककृती उघडा. त्यातल्या तीन तरी तुमच्या बाजारात, तुमच्या ओट्यावर, ऑफिसला जायच्या आधी होतात का?

तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची. काय कच्चं खाऊ नये, हे पुस्तक सांगतं का? राजमा नुसता भिजवून खाल्ला तर मूठभर दाण्यांनीही जोरदार उलट्या होऊ शकतात. तो खळखळून उकळावाच लागतो. आणि मोड आलेल्या कडधान्याला सगळेच निरुपद्रवी समजतात. २०११ साली जर्मनीत ई-कोलायची साथ आली. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. माग काढत तपास पोचला तो इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या मोडांपर्यंत. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारी लोक यांनी मोड शिजवूनच खावेत. आपली उसळ काही मागासलेली नाही.

मापांची कसोटी तर मराठी वाचकाला शिकवायची गरज नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि 'अंदाजाने' या शब्दातून वाटी-चमच्याने अनेक नव्या संसारांची सुटका केली. कच्च्या पदार्थांत माप आणखी मोलाचं, कारण चूक झाकायला आच नसते. भिजवण्याचे तास, मिठाची वेळ, किती वेळात संपवायचं, हे लिहिलेलं हवं.

दुकानात उभे असाल किंवा फोनवर पुस्तकाची नमुना पानं चाळत असाल, तर प्रस्तावना वाचू नका. सरळ कोशिंबिरीच्या पानावर जा. काकडी चोचवून पिळायची की नाही, मीठ आधी की वाढताना, दाण्याचं कूट किती, हे ज्याला सांगावंसं वाटलं त्याने तो पदार्थ केलेला आहे. चैत्रातली आंबेडाळ आठवा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, कैरी किसून घालायची आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. ४८ अंशांच्या नियमात ही फोडणी बसत नाही. पुस्तक तेवढ्यावरून आंबेडाळीला नापास करत असेल, तर मी ते पुस्तक परत फळीवर ठेवेन.