दम ऐकू आला नाही

परवा भोसरीतल्या एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बधिर खेळाडूंची कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट भरवतायत. म्हणाले, "दादा, तुम्ही लिहिता-बिहिता. एका पानाची आचारसंहिता लिहून द्या. खेळाडूंनी कसं वागायचं, शिस्त कशी पाळायची वगैरे. फ्लेक्सवर छापतो."

(आचारसंहिता म्हटलं की आपल्याला निवडणुकीत फ्लेक्स झाकतात तीच आठवते. इथं ती फ्लेक्सवरच येणार!)

हो म्हणालो. रात्री लिहायला बसलो आणि दोन ओळींच्या पुढं गाडी जाईना. कारण गेल्या वर्षीचं एक मैदान डोळ्यासमोरून हलत नव्हतं.

चाकणच्या अलीकडं एका गावात यात्रेच्या खुल्या कबड्डी स्पर्धा होत्या. त्यात एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या बधिर पोरांचा एक संघ पहिल्यांदाच उतरला होता. पहिल्याच चढाईला पंचानं शिट्टी मारून पोराला माघारी पाठवलं आणि समोरच्या संघाला गुण दिला. कारण काय, तर दम ऐकू आला नाही. आता नियम बघाल तर पंच चुकला नाही. चढाई करणाऱ्यानं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं आणि ते पंचाला ऐकू गेलं पाहिजे, असाच नियम आहे. पोराचे ओठ हलत होते. आवाज जेवढा निघायचा तेवढा निघत होता. शिट्टी तर त्याला ऐकू येणारच नव्हती, म्हणून तो चढाई करतच राहिला. शेवटी एकानं त्याची बनियन मागून ओढली. लोक हसले. असं तीनदा झालं.

सामना संपल्यावर त्यांचा कर्णधार टेबलाकडं गेला. मोबाईलवर टाईप करून दाखवू लागला. टेबलावरच्या माणसानं अर्धं वाचलं आणि फोन परत दिला. मग कर्णधाराची धाकटी बहीण पुढं आली, असेल दहा-अकरा वर्षांची, सामना बघायला आलेली. ती पोरगी मोठ्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून सांगत होती, "दादा म्हणतोय, पंच हसले." आणि आयोजक तिला सांगत होते, "त्याला म्हणावं, खेळ खेळासारखा घे."

मी वही घेऊन तिथंच होतो. मी काय केलं? मी त्या पोरीलाच विचारलं, "तुझ्या दादाला कसं वाटतंय?" दादा माझ्यापासून दोन हातांवर उभा. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'मूकबधिर खेळाडूंची जिद्द'. फोटो छान होता. तीन गुणांबद्दल एक ओळ नव्हती. 'मूक' हा शब्द त्यांना का खटकतो तेही मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांची भाषा हातांची आहे, मग ते मुके कसे? असो, ते माझ्या खात्यावर.

तर आचारसंहिता लिहायची म्हणून मी बधिरांच्या खेळाचा इतिहास वाचायला घेतला, आणि लक्षात आलं की अध्यक्षांचा प्रश्नच उलटा आहे.

सुरुवात मैदानात नाही, एका सभेत होते. १८८० साली इटलीत मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शाळांमधून खुणांची भाषा काढायची, मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायलाच शिकवायचं, असा ठराव झाला. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. दीडशेच्या वर प्रतिनिधींमध्ये बधिर माणूस एकच होता असं सांगतात. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. म्हणजे १३० वर्षं. आपल्या देशातली बधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास निघाली, म्हणजे या वाऱ्यातच. आपल्याकडंही पुढं कित्येक वर्षं भर बोलायला लावण्यावरच राहिला.

वर्गात हात बांधलेले, मग पोरं मोकळी कुठं व्हायची? खेळाच्या मैदानावर आणि क्लबात. अमेरिकेत वॉशिंग्टनला बधिरांचं गॅलॉडेट विद्यापीठ आहे. तिथल्या फुटबॉल संघानं १८९० च्या दशकात गोल करून, डोकी जवळ आणून आपले बेत ठरवायला सुरुवात केली, कारण समोरचा संघही बधिर असला की तो खुणा वाचायचा. आज टीव्हीवर कुठलाही संघ खांद्यावर हात टाकून घोळका करताना दिसतो, त्याचं श्रेय बरेच जण या पोरांना देतात.

मग पॅरिस. युजीन रुबेन्स-अल्केस नावाचा फ्रेंच माणूस, स्वतः बधिर, धंद्यानं मेकॅनिक, आणि वर बधिर खेळाडूंसाठी नियतकालिक काढायचा. (मेकॅनिक आणि पत्रकार एकाच माणसात! आपल्या पट्ट्यात जन्माला यायला हवा होता.) १९२४ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिस ऑलिंपिक संपल्यावर काही दिवसांतच, त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी नऊ देशांचे बधिर खेळाडू जमवून आठवडाभराच्या स्पर्धा घेतल्या. हेच आजचं डेफलिंपिक्स, 'डेफलिंपिक्स' हे नाव मात्र २००१ चं. पॅरालिंपिक सुरू झालं १९६० ला, म्हणजे हे त्याच्या ३६ वर्षं आधीचं. स्पर्धा चालवायला त्यांनी लगेच जी आंतरराष्ट्रीय समिती केली ती बधिरांनी चालवायची हे पहिल्यापासून ठरलेलं. मिलानच्या सभेला दिलेलं उत्तरच म्हणा ना.

या खेळांचे नियम बघा. धावण्याच्या शर्यतीला बंदूक नाही, दिवा लागतो. फुटबॉलचा पंच शिट्टीऐवजी झेंडा हलवतो. श्रवणयंत्र स्पर्धेच्या जागेत काढून ठेवायचं, म्हणजे ज्याच्याकडं महागडं यंत्र आहे त्याला फायदा नको. चांगल्या कानाला किमान ५५ डेसिबलची घट असली तरच प्रवेश. या यादीतला खेळाडूला जाच करणारा नियम शोधायला गेलं तर एखाददुसरा सापडेल. बाकी सगळा बदल पंचानं, आयोजकानं, यंत्रणेनं करायचाय.

५५ वरून आठवलं. माझे मामा पिंपरीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपला २७ वर्षं होते. रिटायर झाले तेव्हा घरात टीव्ही असा लावायचे की शेजारच्या बिल्डिंगमध्ये मालिका कळायची. तपासणीत चांगल्या कानाची घट ५८ निघाली. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्या ६० पासून सुरू होते, ७० च्या पुढं बधिर. म्हणजे मामा डेफलिंपिक्सला चालले असते, सरकारला नाही. आणि आवाजानं येणारं बहिरेपण कायद्यानं नोंद करायच्या आजारात आहे बरं का. आपल्या पट्ट्यात किती नोंदी होतात हा वेगळ्या पोस्टचा विषय.

आता गैरवर्तनाकडं येतो. १०० वर्षांत या खेळांना मोठे धक्के कुणी दिले? २०११ च्या हिवाळी डेफलिंपिक्स स्लोव्हाकियात होणार होत्या. जगभरचे संघ निघायच्या तयारीत, पैसे भरलेले, आणि अगदी तोंडावर स्पर्धा रद्द. तयारीच झालेली नव्हती. आयोजकांच्या प्रमुखावर पुढं फसवणुकीचा गुन्हा झाला.

दिव्यांगांच्या खेळातलं सगळ्यात बदनाम प्रकरण सिडनीचं, २००० सालच्या पॅरालिंपिकचं. स्पेनच्या बौद्धिक दिव्यांग बास्केटबॉल संघानं सुवर्ण जिंकलं, आणि १२ पैकी १० खेळाडू धडधाकट निघाले. ते बाहेर काढलं त्याच संघात घुसून खेळलेल्या कार्लोस रिबागोर्दा या पत्रकारानं. संघ कुणी जमवला? संघटनेच्या लोकांनी. शिक्षा कुणाला झाली? पदक परत गेलंच, पण जगभरच्या खऱ्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना पॅरालिंपिकचं दार बंद झालं, ते उघडलं थेट २०१२ ला लंडनमध्ये.

आपल्याकडं या. भारत १९६५ पासून या स्पर्धांना जातोय, अखिल भारतीय बधिर क्रीडा परिषदही त्याच सालची. २०१७ ला तुर्कस्तानातल्या सॅमसनहून आपला संघ पाच पदकं घेऊन परतला, त्यात पैलवान वीरेंदर सिंहचं सुवर्ण. १ ऑगस्टला दिल्ली विमानतळावर उतरले तर सरकारकडून घ्यायला कुणी नाही. खेळाडूंनी विमानतळ सोडायला नकार दिला. त्या दिवशी बेशिस्त कोण होतं, तुम्हीच ठरवा.

पण मला सगळ्यात लागलं ते २०२१ चं प्रकरण. कन्याकुमारी जिल्ह्यातली समीहा बार्वीन, लांब उडीची खेळाडू, वय १८. पोलंडमध्ये बधिरांच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा होत्या. दिल्लीच्या निवड चाचणीत तिनं कामगिरी केली, पण निवड झाली पाच मुलांची. ती एकटीच मुलगी, सोबत महिला अधिकारी नाही, म्हणून तिला नेता येणार नाही, असं कारण पुढं आलं. मद्रास उच्च न्यायालयात जावं लागलं. तिला संघात घ्या, असा आदेश ऑगस्टमध्ये झाला.

काळजीचं कारण खोटं नव्हतं, हे मान्य. बधिर मुलगी, परका देश, सगळे पुरुष. पण ती काळजी कुणी निस्तरायची होती? एक महिला व्यवस्थापक नेमली की विषय संपत होता. त्याऐवजी घरी बसायला सांगितलं मुलीला. म्हणजे सुरक्षिततेचा नियम नव्हता त्याची किंमत जिला सुरक्षित ठेवायचं तिनंच मोजायची.

आणि कायदा याबाबत मुका नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात क्रीडासंकुल, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे स्पष्ट लिहिलंय. मंडळाची स्वतःची समिती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक समिती आहे. खेळाडू १८ च्या आतला असेल तर पॉक्सो, तिथं माहिती असून गप्प बसणं हाच गुन्हा. बधिर साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो, त्यासाठी कोर्टानं दुभाषी घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, हीसुद्धा तरतूद आहे. म्हणजे कोर्टात दुभाषी मिळेल. मैदानावरच्या टेबलापाशी मात्र दहा वर्षांची बहीण. समजा तक्रार हसण्याची नसती, अंगाला हात लावल्याची असती, तर ती त्या पोरीनं भाषांतर करून सांगायची होती का?

इथं आल्यावर माझं पान भराभर लिहून झालं. अध्यक्षांना पाठवलं. तासाभरानं फोन.

"दादा, यात खेळाडूंसाठी एकच ओळ आहे, आणि पंच, आयोजक, पाहुणे यांच्यासाठी अकरा."

म्हटलं, "मोजल्या का?"

"मोजल्या ना. पंच नाराज होतील. पाहुण्यांनी सत्काराला खेळाडूकडं बघून बोलायचं, दुभाष्याकडं बघून नाही, हे मी आमदारांना कसं सांगू?"

"फ्लेक्सवर असेल की. तुम्हाला सांगायला नको."

हसले. मग एकदम म्हणाले, "हे त्या पोरांना दाखवलं का तुम्ही?"

नव्हतं दाखवलं. मिलानची सभा मीच भरवली होती म्हणायची, घरबसल्या.

रविवारी कर्णधाराच्या खोलीवर गेलो, कुरुळीला. एक दुभाषी ताई सोबत आल्या होत्या. त्याच्याकडं बघून बोलायचं म्हणून ठरवून गेलो होतो, तरी मान सारखी ताईंकडं वळायची. त्यानं दोनदा हातानं खूण करून मला स्वतःकडं बघायला लावलं. पान नीट वाचलं. 'टाळ्यांऐवजी हात वर करून हलवा' ही माझी आवडती ओळ खोडली. म्हणाला, ते लोक आपोआप शिकतात, जागा वाया घालवू नका. 'मागून कपडे ओढू नका, खांद्यावर हात ठेवा' हे ठेवलं, खाली रेघ मारली. आणि दमाचं काय, यावर त्यानं सरळ उपाय दिला. प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ असतंच. दोन्ही बाजूंना एकेक लाल दिवा लावा, दिवा लागला की चढाई संपली. शिट्टी नको, दम ऐकायला नको. कंपनीत लाईन थांबली की असाच दिवा लागतो, म्हणाला.

शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: 'तक्रार घ्यायला टेबलावर दुभाषी बसेल. घरच्या मुलांना बोलावू नये.'

बहीण तिथंच अभ्यास करत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

फ्लेक्स गुरुवारी छापायला जातोय. दिव्यांचं वायरिंग भोसरीतला एक इलेक्ट्रिशियन फुकट करून देतोय. अडलंय ते दुभाष्यांवर. दोन दिवस, दोन मैदानं, म्हणजे किमान चार जण हवेत आणि आत्ता एकच ताई आहेत. पुणे, पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण भागात भारतीय सांकेतिक भाषेचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी ओळखीचं असेल तर मला मेसेज करा. त्यातल्या दोन तरी महिला असाव्यात. मानधन मिळेल, ते अध्यक्षांकडून आधीच वदवून घेतलंय.