सातपुडा : सीमा की प्रदेश? शिरपूर तालुक्याच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

पर्वत आणि नद्या या राज्यांच्या निसर्गदत्त सीमा होत, हा समज राज्यशास्त्रात दीर्घकाळ रूढ आहे. फ्रान्स व स्पेन यांच्यात १६५९ मध्ये झालेल्या तहात पिरेनीज पर्वत ही दोन्ही राज्यांमधील सीमा ठरली, तीही याच समजाच्या आधारे. परंतु त्या पर्वताच्या पश्चिम टोकास बास्क आणि पूर्व टोकास कॅटलन लोक दोन्ही उतारांवर आजही वसलेले आहेत. पर्वत राज्यांना विभागतो, पण लोकांना विभागतोच असे नाही. या विधानाची सत्यता पाहण्यासाठी युरोपपर्यंत जाण्याचे कारण नाही. खानदेशाच्या उत्तर सीमेवरील शिरपूर तालुका त्याचे बोलके उदाहरण आहे.

दक्षिणेस तापी आणि उत्तरेस सातपुडा यांच्यामध्ये हा तालुका पसरलेला आहे. अरुणावतीच्या काठी शिरपूर हे शहर असून पूर्वेस अनेर नदी त्यास चोपडे तालुक्यापासून वेगळे करते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत गुजर, कुणबी, राजपूत इत्यादी कृषक समाजांची जुनी गावे आहेत व तेथील व्यवहाराची बोली मुख्यतः अहिराणी आहे. उत्तरेकडील डोंगरउतारावर भिल्ल आणि पावरा यांची विखुरलेली वस्ती आढळते. या दोन्ही पट्ट्यांतून मुंबई-आग्रा मार्ग जातो. पळासनेर ओलांडून तो बिजासन घाट चढतो आणि सेंधव्याकडे निमाडात उतरतो. तालुक्याचा राजकीय इतिहास बहुतांशी या मार्गाचा इतिहास आहे.

इ. स. १३७० च्या सुमारास फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजा फारुकी यास थाळनेरचा प्रदेश मिळाला आणि खानदेशच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला. पुढे असीरगड व बऱ्हाणपूर ही त्या राज्याची प्रमुख स्थाने झाली. नर्मदा व तापी या दोन खोऱ्यांमधील वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती खानदेश, हे या स्थानांच्या निवडीवरूनच स्पष्ट होते. १६०१ मध्ये असीरगड घेऊन अकबराने हे राज्य संपविले. मराठेशाहीच्या उत्तरकाळात उत्तरेस महेश्वरसह निमाड आणि दक्षिणेस थाळनेर ही दोन्ही होळकरांच्या सत्तेखाली होती. त्यामुळे सातपुड्यातील घाट हा त्या काळी राज्याचा शेवट नव्हता. तो एकाच राज्यातील अंतर्गत रस्ता होता.

ही स्थिती १८१८ मध्ये पालटली. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे झालेल्या तहान्वये सातपुडा रांगेतील व तिच्या दक्षिणेकडील मुलूख, सेंधव्याच्या किल्ल्यासह, होळकरांनी कंपनीस दिला. थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला सोडण्यास नकार दिला, तेव्हा २७ फेब्रुवारी रोजी सर थॉमस हिस्लॉप याने तो जिंकून किल्लेदारास फाशी दिले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सातपुडा ही सीमा म्हणून पुढे आली ती तेथील समाजाची पाहणी करून नव्हे. दख्खनेतील नव्या मुलखाचा उत्तर दरवाजा सुरक्षित करणे ही विजेत्याची गरज होती. शिवाय तहातील रेषाही अढळ राहिली नाही. तहाने कंपनीकडे आलेले सेंधवे आज मध्य प्रदेशात आहे.

डोंगरातील नाईकांच्या दृष्टीने या रेषेस फारसा अर्थ नव्हता. घाटांची राखण व त्याबद्दलचे हक्क हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. त्यांना आपल्या व्यवस्थेत आणण्यासाठी सरकारने १८२५ मध्ये औट्रम याच्याकरवी भिल्लांची पलटण उभारली. तरीही १८५७ मध्ये सेंधवा घाटाच्या रखवालीवर असलेल्या खाज्या नाईकानेच बंड केले. बडवाणी भागातील भीमा नाईक त्यास येऊन मिळाला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे त्यांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. खानदेश आणि बडवाणी या दोन निराळ्या शासनांखालील माणसे एका उठावात एकत्र आली, यावरून डोंगराच्या दोन्ही बाजूंचा समाज किती एकजीव होता याची कल्पना येते.

यानंतरची विभागणी कागदावर झाली. फारुकींची राजधानी बऱ्हाणपूर मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात गेली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन शिरपूर पश्चिम खानदेशात आले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषापाहणीच्या खंडात ग्रियर्सनने खानदेशीस भिल्ली भाषांच्या सोबत स्थान दिले होते. तथापि १९५६ मध्ये भाषेच्या तत्त्वावर राज्यांची पुनर्रचना झाली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले, त्या वेळी विचार मराठी, गुजराती, हिंदी या मैदानी भाषांचाच झाला. १९६० मध्ये अक्कलकुवे, तळोदे, नंदुरबार व नवापूर तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. सातपुड्यातील बोली कोणत्याच राज्याचा आधार ठरल्या नाहीत.

याचे परिणाम आजही जाणवतात. परस्परांचे निकट आप्त असलेले समूह महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘पावरा’ म्हणून, तर मध्य प्रदेशाच्या यादीत ‘बारेला’ म्हणून नोंदलेले आहेत. संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदान्वये या याद्या राज्यनिहाय असतात. त्यामुळे घाट ओलांडून वस्ती हलविणाऱ्या कुटुंबाची सोयरीक पूर्वीचीच राहते, मात्र शासनदरबारी त्याचा दर्जा नव्याने प्रश्नांकित होतो. मुलांच्या शाळेची भाषा बदलते आणि घरची बोली दोन्हीकडे शाळेबाहेरच राहते.

राज्याच्या कारभारास सीमा आवश्यक असते, हे निर्विवाद आहे. प्रश्न इतकाच की, इतिहासकाराने ती सीमा आपल्या अभ्यासाचीही मर्यादा मानावी काय? धुळ्याची कागदपत्रे एका राज्याच्या इतिहासासाठी आणि खरगोण-बडवाणीची दुसऱ्यासाठी, अशी वाटणी होत राहिली तर सातपुडा उभयपक्षी केवळ काठ म्हणूनच दिसेल. तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने तो काठ नसून मध्य आहे. ही दोन्ही दप्तरे एकत्र वाचल्याखेरीज खानदेशाचा इतिहास अपुराच राहील.